दुपारची फेरी

मॅनेजरनं शिडी ओढत आणली, तेव्हा तिच्या लोखंडी पायांचा आवाज वरच्या रिकाम्या मजल्यावर जाऊन परत आला; जणू वरही कोणी शिडी ओढत होतं.

"हळू," चष्मेवाला म्हणाला. "फरशा उखडतील."

"उखडू देत. बघायला कोण आहे?"

बघायला खरंच कोणी नव्हतं. सरकते जिने कधीचे थिजले होते. बंद शटरांवर, पाट्या उतरवल्या त्या जागी, अक्षरांचे फिकट ठसे राहिले होते. अंगावरचे कपडेही काढून नेलेला एक पुतळा काचेला हात टेकून उभा होता. एवढ्या मोठ्या मॉलमध्ये दोनच दुकानं उरली होती: चष्मेवाल्याचं आणि समोरच्या किल्लीवाल्या बाईंचं. मॉल चालू ठेवायचा की नाही, हे मालक एकाच गोष्टीवरून ठरवायचा. दारावरच्या माणसं मोजणाऱ्या यंत्राखालून रोज किती जण आत येतात, त्यावरून.

म्हणून तर फेऱ्या सुरू झाल्या होत्या. सकाळी चष्मेवाला, संध्याकाळी किल्लीवाली बाहेर जायची आणि पुन्हा आत यायची. दुपारची फेरी चष्मेवाल्याच्या बायकोची. "गिऱ्हाईक होऊन येते हं," म्हणत ती पर्स खांद्याला अडकवून निघायची. शेवटी शेवटी तिचे पाय सुजले. तरी तो डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला की ती स्टुलावरून सांगायची, "झाली माझी फेरी." आकडाही वाढलेला असायचा.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"दुपारचा आकडा अजून वाढतोच आहे," मॅनेजर म्हणाला. "कॅमेऱ्यात दार रिकामं. तुम्ही दोघं आपापल्या दुकानात. वॉचमन तर पगार न घेता पळाला. मालकांना संशय आलाय. बिघाड निघाला, तर कुलूप."

"आणि नाही निघाला तर?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तर माणसं येतात म्हणायचं."

"जुनं यंत्र आहे, कशाला त्याच्या वाटेला जाता?" आपल्या दुकानाबाहेर आलेली किल्लीवाली घाईनं म्हणाली. "भूत असलं तरी गिऱ्हाईकच की."

"भुताला चष्मा लागतो का हो, बाई?" मॅनेजर म्हणाला.

"किल्ली तर मुळीच लागत नाही. म्हणजे बुडाला माझाच धंदा."

चष्मेवाला हसला नाही. रोज दुपारी यंत्राची बारीक टिकटिक त्याला दुकानात ऐकू यायची, आणि त्याचा हात नकळत शेजारच्या रिकाम्या स्टुलावरून फिरायचा. धूळ पुसण्यासाठी, असं तो स्वतःला सांगायचा.

"तुम्हीच चढा," मॅनेजर म्हणाला. "मला भोवळ येते."

तो चढू लागला, तशी किल्लीवाली पुढे आली आणि तिनं शिडी धरली.

यंत्राच्या बाजूलाच एसीची जाळी होती. जाळीतून एक पारदर्शक दोरा लोंबत होता. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच धरून ठेवतो तो, नायलॉनचा. दोऱ्याच्या टोकाला काच पुसायच्या फडक्याची पट्टी, नागमोडी कडांची. त्याच्याच दुकानातली. त्यानं जाळीवरची गाठ चाचपली. दुहेरी वेढा, आणि वर टोक जाळून केलेला मणी. एवढी पक्की कशाला घालतेस, तो बायकोला नेहमी म्हणायचा, उद्या काढायची वेळ आली तर?

एवढ्यात दुपारचा एसी घरघरत सुरू झाला. पट्टी हलली, त्याच्या गालाला चाटून गेली, यंत्राच्या डोळ्याखालून सरकली आणि परत आली. टिक.

त्यानं खाली पाहिलं. किल्लीवाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून फरशीकडे बघत होती.

"काय आहे?" मॅनेजरनं विचारलं.

गाठ पक्की होती, पण जाळीची तार तिथं गंजून तुटायला आली होती. चष्मेवाल्यानं दोऱ्याचा वेढा सोडवला नाही. तसाच सरकवून तारेच्या धड भागावर घेतला. मग खिशातल्या रुमालानं यंत्राची काच पुसली आणि सावकाश उतरला.

"धूळ होती थोडी."

"म्हणजे यंत्र ठीक?"

"ठीक आहे."

मॅनेजर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग वर टिक झालं, आणि त्याची नजर दाराकडे गेली. दार बंद होतं.

"बघा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आलं परत कोणीतरी."

चष्मेवाला दुकानाच्या उंबऱ्यापाशी पोचला होता.

"येऊ दे," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं दुसरं स्टूल जरा पुढे ओढून ठेवलं.