जांभळ्या शिक्क्याचं पाणी

उपयोग

चपलांच्या कारखान्यामागच्या अंगणात चमचाबाबासमोर रोज साठ-सत्तर बाया रांगेत उभ्या राहायच्या. आत सोल चिकटवायच्या खोलीत खिडक्या बंद, सोल्युशनचा वास थेट मेंदूत. दुपारपर्यंत निम्म्या जणी ओकायच्या बेतात. बाहेर बाबा आणि त्याचं पातेलं.

"एक चमचा, एक नाम! मळमळ गेली?"

"गेली, बाबा!"

जायचीच. अर्धी तर नुसत्या मोकळ्या हवेनंच जायची. पण हवेला दाढी नसते, म्हणून तिला कोणी नमस्कार करत नाही.

आज मात्र रांग मोडली होती. गावातली औषधवाली धापा टाकत आत शिरली. धाकट्या बहिणीनं तिला दुकानातून ओढत आणलं होतं.

मात्रा

बहिणीची सतरा वर्षांची मुलगी जमिनीवर पडली होती. मान खांद्याकडे पिळवटलेली, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर.

"बाधा!" बाबा गरजला. "पोटात दडून बसली होती. माझ्या पाण्यानं वर आली! आणखी तीन चमचे पाजा, पळून जाईल."

"ताई, पाजू दे ना," बहीण रडत म्हणाली.

"एक थेंब पाजलास तर हात मोडीन तुझा!"

औषधवालीनं पातेल्याखालचं फडकं ओढलं. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खळखळत पडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर जांभळा शिक्का: 'डॉक्टरांना विचारूनच. पाच दिवसांच्या वर नको.'

असा शिक्का गावात एकच दुकान मारायचं. तिचं. लोक त्यावरून तिची टर उडवायचे. आणि बाबाचा चेला दर आठवड्याला येऊन म्हणायचा, "बसमधल्या लोकांना उलटीसाठी लागतात, ताई." ती चिठ्ठी न मागता पट्ट्या द्यायची. शिक्का मारून, अगदी नेमानं.

दुष्परिणाम

कारखान्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण धावत आली. "काय घेतलं हिनं? कुणाला काही माहीत आहे?"

औषधवालीच्या मुठीत पट्टी होती. मूठ उघडली तर दुकान गेलं. मिटली तर पोरगी.

तिनं मूठ उघडली. "ही. उलटी थांबवायची गोळी. माझ्याच दुकानातली, चिठ्ठीशिवाय दिलेली."

डॉक्टरणीनं पट्टी वाचली आणि पोरीला इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटं गेली. मग डोळे खाली आले. मान हळूहळू सरळ झाली.

"बघा!" बाबा उसळला. "माझ्या नुसत्या नजरेनं उतरली!"

"हो का? मग मान वाकली कुणाच्या नजरेनं?" डॉक्टरीण म्हणाली. "ही गोळी जास्त झाली की मान अशी आखडते. तरुण पोरींची तर लवकर. बाधा कसली!"

पोरगी पुटपुटली, "मावशी, दवाखान्यातली मळमळीची गोळी सकाळी घेतली होती. वर बाबांचे चार चमचे."

म्हणजे तीच गोळी, दोन वाटांनी पोटात.

"पातेल्यात किती गोळ्या कुटल्यास रे?" औषधवालीनं विचारलं.

"श्रद्धेला मोजमाप नसतं, बाई."

"औषधाला असतं. घे, तूच पी चार चमचे."

बाबाला एकाएकी उपवास आठवला. रांगेतल्या बाया पहिल्यांदाच त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. दोघींनी जाऊन आतल्या खिडक्या उघडल्या.

इशारा

दुसऱ्या दिवशी औषधांचं दुकान बंद होतं. चौकशी लागली होती; ती तिनं स्वतःच जाऊन मागितली होती. दारावर कागद, खाली जांभळा शिक्का:

'तोंडाजवळ चमचा आला की विचारा: यात काय आहे? किती आहे? मी आधीच काय घेतलंय? उत्तर न देणारा बाबा असो की दुकानदार, तोंड मिटा. मीही विचारलं नव्हतं.'