दुसरा आकडा

बरणीत मिथेन होता आणि आत ठेवलेलं वायू मोजायचं यंत्र शून्य दाखवत होतं. मयुराने बरणी रिकामी केली, पुन्हा वायू भरला, पुन्हा झाकण लावलं. शून्यच. तिने दुसरं यंत्र घेतलं, मग तिसरं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. अशीच चाळीस यंत्रं सकाळी सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत पोचली होती, आणि चारची पाळी तीच कमरेला लावून खाली उतरणार होती.

चूक कुठे आहे हे तिला लगेच कळलं, कारण ती तिचीच होती. वायू मोजणाऱ्या जुन्या चिपला एक खोड होती: झोपेतून उठवली की ती आधी मागचाच आकडा पुढे करायची. म्हणून चिपशी बोलणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्राममध्ये मयुराने दोन ओळी घातल्या होत्या. पहिला आकडा टाकून द्यायचा, लगेच दुसरा घ्यायचा. नव्या खेपेतल्या चिपा नाव तेच सांगत होत्या, पण ती खोड त्यांना नव्हती. त्या पहिल्यांदाच खरं सांगायच्या आणि लागलीच पुन्हा विचारलं तर हातावर शून्य ठेवायच्या. इथे, बेसा भागातल्या ऑफिसात टेबलावर तपासताना हवा स्वच्छ होती. शून्य बरोबरच वाटलं.

तिचे वरिष्ठ गिरिधरसर, त्यांचं म्हणणं पडलं की एका बरणीवरून खाणवाल्यांना घाबरवू नये. आधी दहा यंत्रं तपास, दुरुस्ती कर, संध्याकाळी पाठवू. ही ऑर्डर मिळावी म्हणून ते गेलं वर्षभर त्या खाणीच्या खेपा घालत होते. दहा यंत्रांना पाऊण तास लागला असता, तोवर पाळी उतरायला लागली असती. मयुरा खुर्चीपर्यंत गेली, बसली नाही, फोन उचलून जिन्यात आली.

खाणीच्या लॅम्प रूममध्ये, जिथून उतरणाऱ्यांना दिवे आणि यंत्रं मिळतात, नत्थूजींनी फोन घेतला. नवी यंत्रं कुणाला देऊ नका, हे त्यांनी ऐकून घेतलं.

"पण मॅडम, यंत्र तर हिरवा दिवा दाखवून राहिलं. मी काहून रोखू?"

"ते हिरवं खोटं आहे. खाली गॅस असला तरी हिरवंच राहील."

"चूक कोणाची होय? मले वहीत लिहा लागते."

"माझी. मयुरा देशकर."

लिहिण्याइतका वेळ गेला. मग नत्थूजींनी सांगितलं, पाळीला जुनी यंत्रं देतो. पण खाली पाणी उपसायच्या पंपावरचे तिघं नवी घेऊन मघाच उतरले. फोन तसाच टेबलावर ठेवून ते खाणीतल्या टेलिफोनकडे गेले.

मयुरा तीन पायऱ्या उतरली, तीन चढली. कानात पंख्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं, मग काहीच नाही. वर सरांनी तिला हाक मारली. तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. चार वाजून गेले. एक यंत्र टेबलावर ठेवल्याचा आवाज आला; थोड्या वेळाने दुसरा. तिसऱ्याला फार वेळ लागला.

मग बुटांचा आवाज आणि तो तिसरा, वैतागलेला गडी: "हिरवा दिवा जळून राहिला ना गा, मंग मले अर्ध्या कामातून काहून वर आणलं?"

मयुरा पायरीवर बसली. नत्थूजी त्याला काय सांगतात ते तिला नीट ऐकायचं होतं.