बेबी ऑस्टिनमधलं पाणी

गाडीत पाणी न्यायचं नाही. पेट्रोल न्या, ऑइल न्या, टायर न्या, वाटलं तर बायकोचा फोटो न्या, पण पाणी नाही. प्यायची बाटली तेवढी चालेल. बाकीचं पाणी मागून येणाऱ्या क्लबच्या ट्रकमध्ये. हा आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा नियम आहे. शहरातल्या कुणी केला असता तर मी हसून सोडून दिला असता. पण तो करणारे सगळे इथले, क्वॉर्न गावचे आणि आसपासचे. वाळवंट त्यांच्या परसात सुरू होतं.

नियमाला कारण होतं, नाही असं नाही. गाड्या छोट्या, इंजिनं म्हातारी. कुणी पिंपभर पाणी घेऊन रडतखडत जायचा आणि कुणी रिकामी गाडी पळवून चषक न्यायचा. मग ठरलं की वजन सगळ्यांचं सारखं राहू दे, पाणी ट्रकमध्ये ठेवू, आणि ट्रक कायम शेवटच्या गाडीच्या मागे राहील. कागदावर झकास. कागदाला तहान लागत नाही.

गेल्या वर्षीच्या रॅलीत शेवटची गाडी आमची होती, ही बेबी ऑस्टिन. माझा भाऊ क्लेम चालवत होता, नकाशा माझ्या मांडीवर. वसंतातच भट्टी पेटली होती. कूलबीचा पब मागे पडला आणि रेडिएटरचा पाइप फाटला. क्लेमने तो बांधला आणि प्यायची बाटली रेडिएटरमध्ये ओतली. मी ओरडले, "अरे, प्यायचं पाणी आहे ते!" तो म्हणाला, "ट्रक येतोय गं मागून." थोडं पुढे गेलो आणि पाइप परत फाटला. आम्ही थांबलो. ट्रक आला नाही. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी आला नाही. मग क्लेम म्हणाला, "त्या वळणापर्यंत जाऊन बघतो." गाडी सोडायची नसते हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. मी त्याची बाही धरली. तो हसला. "स्नो आहे ट्रकवर. स्नो काय मला मरू देईल?"

स्नो म्हणजे क्लबचा ट्रक हाकणारा. पांढऱ्याफेक केसांमुळे लहानपणापासून सगळे त्याला स्नोच म्हणतात. क्लेमचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानेच क्लेमला आणलं, ट्रकच्या मागच्या फळीवर, पाण्याच्या पिंपांना टेकवून. क्लेम गेलेला होता. स्नो रडत होता आणि त्याच्या तोंडाला बिअरचा वास येत होता. तो म्हणाला, "मी निघालोच होतो गं डॅफ. पण राउंड चालू होता."

राउंड. पबमध्ये चार जण जमले की पहिला चौघांना पाजतो, मग दुसरा चौघांना, मग तिसरा. दुसऱ्याचे ग्लास रिचवून आपण पाजायच्या आधी जो उठतो तो कंजूष. आणि इथे कंजूष हे नाव एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत जात नाही. बायको सोडून गेलेल्याला माफी आहे, मेंढ्या चोरणाऱ्यालाही आहे, राउंड चुकवणाऱ्याला नाही. त्या दिवशी कूलबीत स्नोच्या टेबलावर बरीच मंडळी होती आणि त्याचा नंबर शेवटचा होता. म्हणून तो बसला. म्हणून माझा भाऊ मेला.

पुढे चौकशी झाली. कॉरोनर, म्हणजे असे मृत्यू तपासणारा अधिकारी, त्याच्यासमोर एकेक जण टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ट्रकमध्ये बिघाड झाला होता. कसला बिघाड ते कुणाला नीट सांगता येईना. एकजण क्लच म्हणाला, एकजण डायनॅमो. मी उभी राहिले आणि राउंड म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी अशा नजरा फिरवल्या की जणू मी कपडे काढले. कारण इथे आपल्या माणसाची चहाडी करायची नसते. आपला माणूस मेला तरी, ज्याच्यामुळे मेला तोही आपलाच माणूस. निकाल लागला अपघाती मृत्यूचा. तेव्हापासून मी बाजारातून आले की ऑस्टिनच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलेलं असतं, चहाडखोर. मी ते पुसत नाही. गाडी धुवायला पाणी जास्त झालंय का मला?

तर ही ऑस्टिन. माझ्यापेक्षा म्हातारी, आणि एवढीशी की उंच माणूस बसला तर गुडघे कानाला लागतात. मी पवनचक्क्यांच्या पंपांची वेल्डिंगची कामं करते, त्यामुळे पत्रा आणि पाइप माझ्या हातातले. क्लेमला पुरलं आणि पुढचा हिवाळाभर मी तिच्या मागे लागले. पुढच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवला, म्हणजे पोट जमिनीपासून उचललं गेलं. इंजिनाच्या चेंबरखाली जाड पोलादी पत्रा मारला. मागच्या कमानी जिथे चासीला धरतात तिथे ती हटकून तडकते, तिथे दोन्हीकडून पट्ट्या वेल्ड केल्या. हवेची नळी वर नेऊन तिच्यावर गाळणीचा डबा बसवला, नाहीतर ती लाल धूळ पिस्टन खाऊन टाकते. मुळात या गाडीला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपसूक वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावर सगळा कारभार. मी पंप बसवला. पाइप सगळे नवे.

आणि सीटच्या मागे, चाकांच्या दांडीवर, टाकी. डेअरीच्या मोडीतला स्टेनलेसचा पत्रा आणून केलेली. आतून दोन आडव्या भिंती, म्हणजे वळणावर पाणी डचमळून गाडी लवंडणार नाही. खाली तोटी. त्या तोटीवर मी जेवढा वेळ घालवला तेवढा लग्नात नवऱ्यावर घातला नव्हता.

यंदाच्या रॅलीआधी तपासणीच्या दिवशी क्वॉर्नच्या जुन्या रेल्वे यार्डात गाड्या रांगेने लागल्या होत्या. तपासनीस बॅरी नॉस्के. भला माणूस. भलेपणाच सगळी घाण करतो असा भला. तो पाठीवर झोपून खाली शिरला आणि तिथूनच बोलायला लागला.

"डॅफ, हे वेल्डिंग तुझं?"

"नाही, पोपने येऊन केलं."

"देखणं आहे गं. पाटा एकच वाढवलास? चालतंय. पत्रा चालतंय. पंप... पंप जुना नाही, पण चालतंय." मग तो बाहेर आला, सीटमागे वाकला आणि त्याचा चेहरा पडला. "हे काय?"

"टाकी."

"कसली?"

"पाण्याची, बॅरी. दुसरं काय भरू, शँपेन?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, याला वजन म्हण. मागची बाजू हलकी पडते म्हणून टाकलेलं वजन. मी वजन लिहितो, सही करतो, विषय संपला. आत काय आहे मी बघितलंच नाही."

"आत पाणी आहे."

"अगं पण पाणी म्हणू नकोस ना!"

"पाण्याला पाणी नाही म्हणायचं?"

"म्हटलंस तर मला लिंडनला बोलवावं लागेल."

"बोलव की. त्याला काय पाय नाहीत?"

लिंडन हॅड्रिक म्हणजे आमचे अध्यक्ष. मेंढ्यांचा मोठा मालक, इस्त्रीचा शर्ट, आवाज असा मऊ की त्याच्यावर लोणी लावून घ्यावं. तो आला, त्याने टोपी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हाताकडे बघितलं. त्याने तो उचलला.

"डॅफ, पोरी, तुझं दुःख आम्हाला कळतं."

"पन्नाशी ओलांडली माझी, लिंडन. पोरी नको म्हणूस. टाकीचं बोल."

"नियम सगळ्यांना सारखा. तुला सोडलं तर उद्या दुसराही मागेल."

"मागू दे. पाणीच मागतोय, दारूचं दुकान नाही मागत."

"ट्रक आहे ना त्यासाठी."

"गेल्या वर्षीही होता."

आजूबाजूला नटांवर पाने फिरवणारे हात थांबले. लिंडनने मान तिरकी केली आणि हसला. मला तेव्हाच कळलं की खरी गोची वजनाची नाहीच. पाटा, पंप, पट्ट्या, सगळं चालतंय. ही टाकी चालत नाही, कारण ती त्या रांगेत उभी राहून मोठ्याने सांगते की ट्रक आला नव्हता. तिला पास केलं तर ते कबूल करावं लागतं.

"संध्याकाळी जाहीर करणार होतो," लिंडन म्हणाला, "पण तुला आत्ताच सांगतो. यंदापासून शेवटून पहिल्या येणाऱ्या गाडीला एक चषक द्यायचा ठरलंय. चिकाटीसाठी. क्लेमच्या नावाने. तूच द्यावास अशी सगळ्यांची इच्छा आहे."

माझ्या हातात तेव्हा पाना नव्हता, हे क्लबचं नशीब.

"चिकाटी?" मी म्हणाले. "तो चिकाटीने नाही मेला, तहानेने मेला. तहानेचा चषक द्या! आत काय भरून देणार, बिअर?"

"तोंड सांभाळ, डॅफ."

"वर्षभर तुम्ही सगळ्यांनी सांभाळलंत की. पुरे नाही का झालं?"

तेवढ्यात ट्रकच्या पायरीवर बसलेला स्नो बोलला. हो, यंदाही ट्रकवर स्नोच होता. दुसरा मिळाला नाही म्हणे. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बुटांकडे बघत म्हणाला, "लिंडन, राहू दे की तिची टाकी. मी तर म्हणतो सगळ्यांनाच लावू दे. मग आमच्याही मागे एवढी घाई नाही."

दोघं-तिघं हसले. वाईट नाही हसले. सुटल्यासारखे हसले. बॅरीसुद्धा. लिंडनने हनुवटी खाजवली, आणि मला दिसलं की त्याला पटत चाललंय. उद्या नियम बदलेल, प्रत्येक गाडीत टाकी बसेल, आणि मग कुणी वाळवंटात पडलं तर दोष त्याच्या टाकीचा. ट्रक कूलबीच्या दारात निवांत उभा राहील. मी हिवाळाभर राबून या लोकांना बसायला खुर्ची करून दिली होती.

मी हत्यारांचा डबा उघडला आणि दारावरचा रॅलीचा नंबर खोलायला लागले. स्क्रू गंजला होता, मी नंबर पत्र्यासकट उपटला आणि लिंडनच्या हातात दिला.

"म्हणजे तू येत नाहीस?"

"येतेय. ट्रकच्या मागून."

"ट्रकच्या मागे कुणी नसतं. रॅलीत ट्रक शेवटचा असतो."

"रॅलीत. मी आता रॅलीत नाही. रस्ता सरकारचा आहे, तुझ्या मेंढ्यांचं रान नाही."

"आणि मागून येऊन करणार काय?"

"स्नोला सोबत."

दुसऱ्या दिवशी निघालो. क्लबच्या गाड्या पुढे, त्यांच्यामागे क्लेबी नवरा-बायकोची छोटी निळी गाडी, तिच्यामागे ट्रक, आणि ट्रकच्या धुरळ्यात मी. दात लाल, पापण्या लाल, नाकात वीट भाजावी तशी माती. एका वाळूच्या पट्ट्यात कुणाची तरी गाडी रुतली, स्नोने थांबून दोरी लावून ओढून काढली, चांगलं काम केलं. तो कामचुकार नाहीच. हेच तर मला सहन होत नाही.

कूलबीला क्लेबींची गाडी न थांबता पुढे गेली. ट्रक थांबला. स्नो आणि त्याचा जोडीदार आत गेले. मी ऑस्टिन थेट पबच्या दारात घातली, इतकी जवळ की दार अर्धंच उघडावं. आणि भोंगा दाबला. जुना रबरी भोंगा आहे, गाढवाला पोटदुखी झाल्यासारखा ओरडतो. दाबला आणि दाबतच राहिले.

आतून आरडाओरडा झाला. "अरे, ती बया आली बघा!" "कुणीतरी तिचा गळा दाबा!" मालक खिडकीतून म्हणाला, "डॅफ, गिऱ्हाइकं बसलीत माझी!" मी म्हणाले, "बसू दे. मला एकच हवाय."

स्नो दाराच्या फटीत आला. हातात ग्लास. "आत्ताच बसलोय गं. एकाचं घेऊन झालंय. माझा राउंड व्हायचाय. असा कसा उठू?"

"क्लेबी कुठे आहेत?"

"पुढे असतील."

"चालतायत की थांबलेत?"

त्याने रस्त्याकडे बघितलं.

"सांग ना. तुला कसं माहीत नाही? शेवटच्या गाडीमागचा ट्रक तुझा आहे."

"दहा मिनिटं, डॅफ."

मी परत भोंगा दाबला. त्याच्या तोंडावर. तो काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. आत जोडीदार हातवारे करत होता. टेबलावरची माणसं मान वळवून बघत होती की आता हा काय करतो. मला वाटलं तो परत जाऊन बसेल. खरंच वाटलं. त्याने ग्लासकडे बघितलं, मग माझ्याकडे, पहिल्यांदाच वर्षभरात सरळ डोळ्यांत. मग ग्लास उंबऱ्यावर ठेवला, भरलेलाच, आणि अर्ध्या दारातून अंग आक्रसून बाहेर आला.

आतून कुणीतरी पूर्ण ताकदीने ओरडलं, "कंजूष!"

स्नोची मान खाली गेली. कानशिलं लाल झाली. तो ट्रकमध्ये चढला, दार आपटलं, जोडीदार धावत येऊन लटकला. मी भोंगा सोडला तेव्हा माझा अंगठा वळत नव्हता.

मी त्याला शाबासकी दिली नाही. कशाबद्दल द्यायची? पाणी घेऊन जाणं हे त्याचं काम होतं. ट्रकने धुरळा उडवला, मी गाडी मागे घेतली, आणि त्याच्या मागे लागले.