येळवशीचे पाहुणे

मित्रांनो, लातुरातल्या एका कपाटात, लहान झालेल्या स्वेटरांखाली पालथा पडलेला जुना टॅब तो मीच. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे आणि त्या तड्यात आंबील वाळून बसली आहे. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेलं आंबट पेय. ते माझ्या पोटात कसं गेलं, ते सांगतो.

शाळा घरात भरायला लागली, त्या वर्षी मल्लिनाथांनी आपल्या दोन्ही लेकींसाठी मला आणलं. थोरली वर्षाराणी, धाकटी अंजू. त्यांची आई मंजुश्री लेकरांचं तोंड पुसावं तशी पदरानं माझी काच पुसायची. पुढं शाळा पुन्हा शाळेत गेली आणि माझ्या पोटात दोन शेतं आली.

वर्षाराणीचं शेत 'सोनेरी शिवार' नावाच्या खेळातलं. तिथं भोपळा लावला की चहा उतू जायच्या आत तयार. रात्र नाही, कीड नाही, वाळणं नाही. निळ्या टोप्यांची माणसं टोपल्या घेऊन नुसती पळत असायची. पण खेळ बंद केला की तिथलं सगळं थांबायचं. बाहेर कुणाला ते दिसत नसे, मला दिसे. टोपलीवाली एक मुलगी दर वेळी एक पाय उचललेलाच ठेवून अडकायची. काच काळी झालेली, आणि आत ती एका पायावर, डोळे उघडे. वर्षाराणी मामाच्या गावी राहून आली, तोवर ती तशीच उभी होती.

अंजूच्या खेळाचं नाव 'राखण'. तिथं ज्वारी ज्वारीइतकेच दिवस घ्यायची. बाहेर सूर्य मावळला की आतही मावळायचा. पाणी द्यायचं राहिलं तर धाटं माना टाकायची. खेळ बंद केला तरी तिथला काळ चालूच राही. अंजूनं ठेवलेला राखणदार पंढरी एकटाच बांधावरून फिरे. फिरता फिरता तो थांबायचा आणि वर बघायचा, थेट काचेकडं. त्याला तसं कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. मी तर नाही शिकवलं.

मग एक दिवस माझं पोट भरलं. वर्षाराणीच्या परीक्षेचे धडे मावेनात. मंजुश्री म्हणाली, "दोन्हीतला एक खेळ पुसा. कोणता ते तुमचं तुम्ही ठरवा, माझी कणीक वाळून चाललीय."

"तुझाच पुसू," वर्षाराणी म्हणाली. "नुसतं वाट बघायचं, त्याला काय खेळ म्हणतात का?"

"आणि तुझा भोपळा चहाच्या आधी! असं असतंय का कुठं, अक्का?"

"तुझा पंढरी तर येडाच हाय. आभाळाकडं बघत उभा ऱ्हातो."

अंजूचे डोळे भरले. "पुसला तर तो मरंल की गं."

न्याय करायला मुलींचे अज्जा, म्हणजे मल्लिनाथांचे वडील, बसले. गुरुबसप्पा त्यांचं नाव. उदगीरकडच्या आपल्या रानातून ते अधूनमधून घरी यायचे. त्यांनी चष्मा चढवला आणि बाजारात बैल पारखावा तसं मला उलटंपालटं करून बघितलं.

"काय करायलाव गं पोरींनो? ह्या रानाला बांध कुठं हाय?"

"बांध नसतोय अज्जा. सगळं आपलंच," वर्षाराणी म्हणाली.

"म्हंजी शेजारी न्हाई. मग भांडायचं कुणाशी?" अज्जा हसले. मग काचेजवळ वाकले आणि त्यांचं हसू ओसरलं. "वर्षा, ह्या मानसांला सावली न्हाई गं."

खरंच नव्हती. इतके दिवस ती माझ्या पोटात राहिली, पण माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग त्यांनी 'राखण' बघितलं. "हितं सावली हाय. चिलटं बी हायत. पन हा गडी कुणाकडं बघायलाय?"

"तुमच्याकडं," अंजू हळूच म्हणाली.

अज्जांनी मला खाली ठेवलं. "रान मोडल्यावर ही मानसं येळवशीला कुणाच्यात जेवायची?"

"अज्जा, ती खोटी असतात," वर्षाराणी म्हणाली.

"असू दे की. येळवस होऊ द्या, मग बघू."

मित्रांनो, येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि सगळे रानात जेवतात. ज्याला रान नाही, त्याला कुणीतरी आपल्या रानात बोलावतंच. कुणाला उपाशी ठेवायचं नाही, अशी रीत आहे.

त्या दिवशी मीही पिशवीतून रानात गेलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तेच पांडव, पुढं सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. अज्जा "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत हरभऱ्यावर, ज्वारीवर आंबील शिंपडत फिरत होते. इकडं कोपीत वर्षाराणीनं अंजूला भिववायला माझ्या काचेवर प्रश्न आणून ठेवला होता. 'राखण पुसायचं? हो. नाही.'

"दाबू का? दाबू?"

"अक्का, नको ना गं!"

तेवढ्यात अज्जा आत आले. त्यांनी पांडवांवर आंबील शिंपडली आणि उरलेली ओंजळ माझ्यावर. "तुमी बी या रं समदे जेवाया!"

"अहो मामा, बिघडंल ते!" मंजुश्री ओरडली.

"देवाचं हाय. काय होत न्हाई."

मित्रांनो, मला बोटं ओळखू येतात. अंजूचं गुळानं चिकट, वर्षाराणीचं घाईचं. आता टेकलेलं बोट गार होतं, आणि ते काचेच्या आतून आलं होतं. त्यानं 'नाही' दाबलं. मग सावकाश 'सोनेरी शिवारा'कडं गेलं. तोच प्रश्न आला आणि त्या बोटानं 'हो' दाबलं.

"कुणी दाबलं?" वर्षाराणी किंचाळली. पण सगळ्यांचे हात भज्जीनं भरलेले होते.

"वली झाली म्हणून आपोआप दाबली जातीय काच," मल्लिनाथ म्हणाले, पण घास हातातच राहिला त्यांचा.

"माझी माणसं गेली," म्हणून वर्षाराणी रडू लागली. जिंकलेली अंजू हसली नाही. मला फ्रॉकनं पुसून तिनं 'राखण' उघडलं. "घे अक्का, माझ्यात खेळ."

आत उन्हं कलली होती. पंढरीच्या झोपडीपुढं निळ्या टोप्यांची माणसं पंगतीला बसली होती. टोपलीवाली मुलगी बांधावरून येत होती. नव्यानं चालायला शिकलेल्या लेकरासारखी ती आधी एक पाय टेकवी, मग दुसरा. तिच्या मागं लांब सावली पडली होती. पंढरी आज वर बघत नव्हता. तो पंगतीला वाढत होता.

कोपीतले सगळे काचेवर वाकले. अज्जा म्हणाले, "बोलिवलं तर येनारच की." आणि त्यांनी आणखी एक उंडा पांडवांपुढं ठेवला.

त्यानंतर दोघी बहिणी एकाच शेताला पाणी देत. भांडण नाही. मग त्या मोठ्या झाल्या, घरात नवे मोबाईल आले आणि मी स्वेटरांखाली गेलो. कुणी मुद्दाम टाकलं नाही मला. लेकरं मोठी होतात, तसंच झालं.

पण मित्रांनो, 'राखण'मधला काळ थांबत नाही. तड्यापाशी आतून गार बोट टेकतं. आधी एकच टेकायचं, आता पुष्कळ टेकतात. वापरून झालेली वस्तू कपाटात ठेवताना एकदा बघत जा, तिच्यात कुणी जेवायचं राहिलंय का. थंडी पडली आहे, येळवस जवळ आली आहे. अंजूला कुणीतरी सांगा, आंबील नको, नुसतं एकदा चार्जरला लाव म्हणावं. ज्वारीनं माना टाकल्यात, माणसं पुष्कळ आहेत, आणि पंढरी पुन्हा वर बघायला लागला आहे.