तारीखमामांची खरी तारीख

"झाल्यातच जमा आहे, मामा," फरशीवाला म्हणाला, आणि तारीखमामांनी समोरच्या कागदावर 'निम्मं बाकी' असं लिहिलं.

सोमवारची बैठक चालू होती. इस्पितळाच्या नव्या बाळंतिणींच्या वॉर्डात, जिथे पुढे खाटा यायच्या तिथे, मंडळी सिमेंटच्या गोण्यांवर बसली होती. कुठलं काम कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर व्हायचं ते ठरवायचं, भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर रंगीत पट्ट्या टाचून ते दाखवायचं, आणि मग त्या पट्ट्यांप्रमाणे काहीच होत नाही हे बघत जीव टांगणीला लावून बसायचं, ही मामांची नोकरी. केस पांढरे होईपर्यंत हेच केल्यामुळे माणसं काय बोलतात आणि त्यातून काय समजायचं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. 'झालं' म्हणजे उद्या होईल. 'चालूच आहे' म्हणजे सुरू व्हायचंय.

"आणि रंगाचं काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काळजीच करू नका," रंगवाला म्हणाला, आणि मामांनी कागदावर 'रंग: काळजी' असं लिहिलं.

या सगळ्यावर मामांनी फार पूर्वी एक तोड काढली होती. खरी तारीख ते कुणालाच सांगत नसत. पंधरवडाभर आधीची सांगायचे आणि मधले दिवस गुपचूप राखून ठेवायचे. पहिल्या इमारतीला ही युक्ती झकास चालली. दुसऱ्या इमारतीपासून ती सगळ्यांना ठाऊक झाली. आता मामांनी तारीख सांगितली की मंडळी मनातल्या मनात पंधरा दिवस पुढे सरकत. ती सरकतात हे मामांना माहीत होतं, आणि मामांना माहीत आहे हे मंडळींना माहीत होतं. अशा परस्पर विश्वासावर आजवर सगळ्या इमारती वेळेत उभ्या राहिल्या होत्या.

या वॉर्डासाठी मामांनी येता शनिवार जाहीर केला होता. पण त्याच तक्त्याच्या तळाशी, त्याच शनिवारावर, एक हिरवी पट्टीही टाचलेली होती: मामांची रजा. एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती आणि तिला बसमध्ये बसवून द्यायला मामा स्वतः जाणार होते. काम संपायच्या दिवशीच मामा रजेवर, म्हणजे ती तारीख कितपत खरी हे कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. आयुष्यभर लोकांच्या थापा पकडणाऱ्या माणसाने आपली थाप अशी चव्हाट्यावर टांगून ठेवली होती, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

एवढ्यात दारात मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. बोलायला त्यांना कधीच प्रस्तावना लागत नसे.

"जुन्या वॉर्डाच्या छताचा गिलावा आज सकाळी खाली आला. खाट रिकामी होती म्हणून निभावलं. माझ्या बायका आता मी तिथे ठेवणार नाही. तुमची तारीख शनिवार आहे ना?"

मामांनी तोंड उघडलं. 'ती तारीख तशी खरी नाही हो' असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"शनिवारच," ते म्हणाले.

"मग शनिवारी सकाळी आम्ही येतो."

सिस्टर गेल्या. मामा मंडळींकडे वळले. "ऐकलंत ना? शनिवार."

"शनिवारच," सगळे एका सुरात म्हणाले, आणि फरशीवाल्याने डोळा मारला.

"अरे, खरोखरचा शनिवार."

"गेल्या वेळी तुम्ही शपथ घेतली होतीत, मामा," वायरमन म्हणाला. "तेव्हासुद्धा शनिवारच होता."

"पण या खेपेला सिस्टर मस्त आणल्यात," रंगवाल्याने कौतुकाने मान हलवली. "मागे नुसताच फोन लावला होतात."

मामांनी गयावया केली, आवाज चढवला, शेवटी हातसुद्धा जोडले. मंडळी हसत हसत चहाला गेली.

त्या संध्याकाळी घरी लेक पेटी भरत होती. मामांनी सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही काम बघा," ती म्हणाली. "मी काय कायमची चाललेय?" पण पुढचा कुडता तिने दोनदा उलगडला आणि दोनदा त्याची घडी केली.

"बस कितीची आहे?" मामांनी विचारलं.

"चारची," बायको म्हणाली.

साइटवर कुणाचाही शब्द स्वतः पाहिल्याशिवाय न मानणारे मामा, तिकीट दाखवा असं काही म्हणाले नाहीत. घरात तेवढा तक्ता लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिरव्या पट्टीची टाचणी काढली. रंगवाला मागे येऊन उभा होता.

"मामा, रजा?"

"रद्द."

"मग पोरीला कोण सोडणार?"

"तिची आई आहे."

रंगवाला त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. त्यालाही एक मुलगी होती. मग तो आत गेला आणि थोड्याच वेळात आतला रेडिओ बंद झाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. फरशीवाल्याने फोन करून आणखी माणसं बोलावली. वायरमन कामावर वेळेत येऊ लागला, तेव्हा पहाऱ्यावरच्या माणसाने त्याला ओळखलंच नाही.

शनिवारी सकाळी फरशीवाला धावत आला. "मामा, झालं!"

या वेळी ते खरोखर झालं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. दाराजवळची फरशी खाटा आत गेल्यावर सगळ्यात शेवटी बसवायची होती. उत्साहाच्या भरात पठ्ठ्याने ती पहाटेच बसवून टाकली होती. आता सिमेंट ओलं, खाटा बाहेर, आणि व्हरांड्यात पोटुशा बायका खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या. सिस्टर हाताची घडी घालून मामांकडे बघत होत्या.

"अरे बाबा, तुला आजच शहाणपण सुचायचं होतं का?" मामा एवढंच म्हणाले.

तारलं ते खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्या जाळीवाल्याने. तो नेहमीप्रमाणे आलाच नव्हता, त्यामुळे खिडक्या अजून मोकळ्या होत्या. वायरमन आत, रंगवाला बाहेर, आणि एकेक खाट खिडकीतून वॉर्डात. व्हरांड्यातल्या बायका "जरा डावीकडे, डावीकडे" असं त्यांना समजावू लागल्या. दुपारी फरशीखालचं सिमेंट धरलं तसं मामांनी फरशीवर फळ्या टाकून घेतल्या आणि बायकांना सावकाश, हात धरून आत नेलं. शेवटची बाई आडवी झाली तेव्हा सिस्टरनी छताकडे एकदा नीट बघून घेतलं.

"दिलेला शब्द पाळलात," त्या म्हणाल्या.

मामांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. आपण पोरीला साधा हातसुद्धा हलवून दाखवला नाही, या विचाराने त्यांना एकदम थकल्यासारखं झालं आणि ते पायरीवर बसले.

"उठा, गाडी काढलीय," रंगवाला म्हणाला.

"आता काय उपयोग?"

"तुम्ही बसा तर खरं. बस कधी सांगितल्या वेळेला सुटते?"

बसस्टँडवर बस उभी होती. बाकावर बायको पाण्याची बाटली घेऊन निवांत बसली होती.

"गेली नाही अजून?" मामांना धाप लागली होती.

"पाचची आहे."

"तू चारची म्हणालीस."

"सिनेमाची वेळ तुम्ही मला आजवर कधी खरी सांगितलीत?" बायको म्हणाली. "जा आत. ती वाट बघतेय."

जन्मभर मामांनी दुसऱ्यांसाठी वेळ राखून ठेवला. त्यांच्यासाठी कुणी तो राखावा हे आजवर घडलं नव्हतं. त्यांना भरून आलं, आणि बायकोला ते दिसू नये म्हणून ते घाईघाईने बसमध्ये चढले.

लेकीच्या शेजारची जागा रिकामी होती. मामा तिथे बसले. त्यांनी ओल्या फरशीची आणि खिडकीतून गेलेल्या खाटांची गोष्ट सांगितली, आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं आणि पाणी राहिलं. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बसमध्ये माणसं चढत होती, पिशव्या वर ठेवत होती.

"काका, ही जागा माझी आहे," हातात तिकीट घेतलेला एक माणूस अदबीने म्हणाला.

"हो हो, तुमचीच," मामा म्हणाले. ते उठले, आपल्या कपड्यांवरचं सिमेंट सीटला लागलं होतं ते रुमालाने नीट पुसलं, आणि त्या माणसाला बसता यावं म्हणून बाजूला झाले.