मी मगरीचा दात नाही

मित्रांनो, मी एक जुना माउथपीस आहे. मगरीचा दात नाही. हा खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा, कारण माझं निम्मं आयुष्य त्या गैरसमजात गेलं.

क्लॅरिनेट नावाचं काळं, लांबट वाद्य तुम्ही पाहिलं असेल. त्याचा जो भाग तोंडात धरतात, तो मी. माझ्या सपाट बाजूवर वेताची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. फुंकर मारली की रीड थरथरते आणि सूर निघतो. श्रेय मात्र बोटांना मिळतं.

मी कडक रबराचा. कारागिराने मला घासून गुळगुळीत केलं, टोकाशी रीडसाठी बारीक फट ठेवली आणि दुकानात पाठवलं. तिथे दातांच्या एका डॉक्टरांनी मला निवडलं. त्यांनी डोळे मिटून एकेक माउथपीस वाजवून पाहिला. ज्याला दम कमी लागला आणि ज्याचा सूर हलला नाही, तो घेतला. दिसण्यावरून मला कुणी घेतलं नसतं.

डॉक्टर रोज संध्याकाळी वाजवत, पण चावत फार. त्यांच्या पुढच्या दोन दातांच्या खाचा माझ्यावर पडल्या. एकदा त्यांनी तोंडात बघायचा छोटा आरसा घेऊन त्या तपासल्या. "पेशंट जोरात चावतो," ते गंभीरपणे म्हणाले. "वाजवणं बंद करावं लागेल." पेशंटने लगेच ऐकलं. इतका आज्ञाधारक पेशंट त्यांना पुन्हा मिळाला नाही.

क्लॅरिनेट कपाटात गेलं आणि मी दवाखान्याच्या खिडकीत. पडद्याची दोरी वाऱ्याने उडायची, तिला वजन हवं होतं. माझं टोक जपायला वर बसवलेल्या टोपीच्या भोकातून आणि माझ्या पोटातून दोरी ओवून खाली गाठ मारली. खुर्चीत आ वासून पडलेल्या मुलांना मी समोरच दिसे. दवाखान्यात मदत करणाऱ्या डॉक्टरीणबाई त्यांना सांगत, "मगरीचा दात आहे तो. ती कधी ब्रश करायची नाही." पुढे उन्हाने माझी एक बाजू हिरवट पडली, तेव्हा तर मोठ्यांनाही पटू लागलं.

डॉक्टरांच्या पुतणीने कपाटातलं क्लॅरिनेट काढलं आणि प्लास्टिकचा एक साधा माउथपीस लावून शिकायला लागली. पहिल्या आठवड्यातच घरात तिचं नाव पिपाणी पडलं. मोठी झाली तरी नाव राहिलं, सूर मात्र सुधारला. मग शहराच्या बँडमध्ये एक जागा रिकामी झाली. पिपाणीला ती इतकी हवी होती की जेवतानाही तिची बोटं ताटाच्या कडेवर चालत.

नेमका तेव्हाच प्लास्टिकचा माउथपीस चिरला. बँडमधला पहिला वादक वापरतो, अगदी तसाच तिने आणला. मोठ्या फटीचा. वाजवून पाहिला नाही, डबा पाहिला. त्याला दम फार लागे. ती दमली की तो किंचाळे.

निवडीच्या दिवशी सकाळी तो टेबलावर दिसेना.

"काकू, माझा माउथपीस कुठंय?"

"कुकरमध्ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखान्याची हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राला त्या कुकर म्हणत. "तोंडात जाणारी वस्तू आहे, अशीच कशी देऊ तुला?"

तो बाहेर आला तेव्हा तपकिरी पडला होता, वाकला होता आणि जळक्या टायरसारखा वास मारत होता. सपाट बाजू सपाट राहिली नव्हती. रीड त्यावर डुगडुगत होती.

"अगं काकू, काय केलंस हे!" पिपाणी मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला.

डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात कापूस कोंबत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कात्री घेऊन त्यांनी दोरी कापली. मी त्यांच्या हातात आलो आणि झटक्याने पडदा दांडीसकट धाडकन खाली पडला. पेशंटच्या तोंडावर ऊन आलं.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "तोंड नको."

इतकी वर्षं टोपी होती, म्हणून माझं टोक शाबूत होतं. डॉक्टरीणबाईंचा हात सवयीने कुकरकडे गेला. "नाही!" तिघं एकदम ओरडले. पेशंटचं "आआ" झालं. मग कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ फडकं. क्लॅरिनेटमध्ये घट्ट बसणारं माझं खालचं बूच वाळून सैल झालं होतं, तर डॉक्टरांनी त्यावर दात साफ करायचा दोरा गुंडाळला. पुदिन्याचा होता.

निवडीत पिपाणीचे दात काकांच्या खाचांत बरोब्बर बसले. चावावं लागलंच नाही. लांब सूर तिने एका दमात नेला आणि शेवटी थोडा दम शिल्लकही राहिला.

बँडमास्तरांनी माझी हिरवी बाजू निरखली. "हे काय आहे?"

"मगरीचा दात," पिपाणी म्हणाली.

"पुदिन्याचा वास येतोय."

"आता ब्रश करते."

"सोमवारपासून या," बँडमास्तर म्हणाले. "मगरीसकट."

मित्रांनो, आम्हाला निवडताना डबा पाहू नका, वाजवून पाहा. वाजवून झाल्यावर कोमट पाण्याने धुवा, पुसा, उन्हात ठेवू नका. आणि टोपी घाला. दवाखान्याच्या दोरीला आता तो उकळलेला नवा लटकतो. पोरगा खचलाय. त्यालाही मी हेच सांगितलं: टोपी काढू नकोस, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. अर्थात, तो वाकडा आहे, त्यामुळे येणार नाही. पण मुलं त्याला बघून ब्रश करतात. तेवढं काम त्याला जमतंय.