वाहतं

झिवारने लोकरीचा धागा सुनेच्या पोटाभोवती पुन्हा एकदा फिरवला. सोमवारी मारलेल्या गाठीपाशी आज धाग्याचं टोक पोहोचेना. मधे चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं.

“श्वास सोड की जरा.”

“सोडलाच आहे, अपा. घेताच येत नाहीये,” पेरिझात सासूला म्हणाली. डाव्या कुशीवरून ती उठून बसली, मग पुन्हा कलंडली.

पाचवा महिना नुकता लागला होता. दोन आठवड्यांपूर्वी नुकुस शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं : जुळी एकाच वारेवर आहेत, एकाच्या पिशवीत पाणी जास्त, दुसऱ्याच्या पिशवीत कमी, पोट एकाएकी वाढलं, धाप लागली, तर त्या क्षणी कळवा. पेरिझातचा नवरा कझाकस्तानात बांधकामावर होता. कळवणाऱ्या या दोघीच.

फोनला रेंज फक्त मोठ्या खोलीच्या खिडकीत यायची, आणि खिडकीखाली म्हातारा दुधाचा चहा घेत बसला होता. झिवारचा सासरा, सुवबाय. नदी घरात शिरली त्या दिवशी जन्मला, म्हणून हे नाव. सुव म्हणजे पाणी. सासऱ्याचं नाव सुनेच्या ओठांवर येता कामा नये, त्यामुळे या घरात सुना पाण्याला पाणी म्हणत नसत. झिवार एकतीस वर्षं ‘वाहतं’ म्हणत आली होती. पेरिझात घरात आली त्याच दिवशी तिला चुलीपाशी बसवून झिवारने हा शब्द शिकवला होता; दोनदा चुकली तेव्हा टोमणाही मारला होता.

“ये, बस,” म्हातारा सरकून म्हणाला. “गाभण घोडीसुद्धा इतकी ऐसपैस नव्हती गं माझी.”

पेरिझात हसली, हसताना तिला धाप लागली. तिने दवाखान्याचा नंबर लावला. फोन एका तरुण डॉक्टरने उचलला. बाई रजेवर होत्या.

“पोट फार वाढलंय, डॉक्टर.”

“जुळी आहेत. वाढणारच.”

“नाही, आतलं... आतलं वाहतं वाढलंय.”

“वाहतंय? लाल?”

“नाही नाही. वाहत नाहीये. वाहतं जास्त झालंय. एकीकडे.”

“अहो ताई, वाहतंय की नाही, ते एकदा नक्की सांगा.”

पेरिझातने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. “नाही वाहत,” ती हळूच म्हणाली.

“मग घाबरू नका. मीठ कमी खा, सोमवारी दाखवायला या.”

झिवारने बोटाला गुंडाळलेला धागा इतका ओढला की बोट पांढरं पडलं. सोमवारला चार दिवस होते. तिने फोन सुनेच्या हातातून काढून घेतला.

“सुव!” ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली, “सुव, डॉक्टर! एका पिशवीत सुव फार झालंय, दुसरीत नाहीच. एकच वार आहे. बाईंनी कागदावर लिहिलंय. पोरीला श्वास घेता येत नाहीये!”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टर भराभर बोलू लागला : सोमवार नको. आत्ता निघा. कुशीवर झोपवून आणा.

फोन ठेवल्यावर झिवारने डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढला. वर पाहायचं धैर्य तिला होईना. चहाची वाटी खाली टेकल्याचं तिने ऐकलं.

“हाक मारलीस?” म्हाताऱ्याने विचारलं.

ती बोटावरचा धागा सोडवू लागली.

“मग उभी काय राहिलीस? उशा घे.” तो बूट चढवत होता.

म्हाताऱ्याची जुनी झिगुली गाडी मिठाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावर धडधडत निघाली. मागच्या सीटवर झिवारच्या मांडीवर डोकं ठेवून पेरिझात पडली होती. एकदा वळण आलं, एकदा खड्डा. नुकुस अजून दीड तासावर होतं.

“अपा,” ती म्हणाली, “घसा कोरडा पडलाय. जरा...” ती अडखळली. झिवारचा हात तिच्या पोटावर होता. तो हलला नाही.

“सुव द्या,” पेरिझात म्हणाली.

“ओ,” म्हाताऱ्याने पुढच्या सीटवरून उत्तर दिलं, आणि मागे न पाहता गाडीचा वेग वाढवला.